फडताळाला कुलूप नको

स्वयंपाकघरातल्या फडताळाला कुलूप लावायचं की नाही, यावर आमच्या घरात एकेकाळी खरोखरच वाद झाला होता. कुलूप हवं म्हणणारा मी होतो. किल्ली बायकोजवळ राहील, रात्री माझ्या हाताला काही लागणार नाही, प्रश्न मिटला, असा माझा सरळ हिशोब. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी किल्ली सांभाळायला लागले की तू मला फसवायला लागशील. आणि ते तुला फार छान जमतं."

जमायचंच. बरीच वर्षं तेच चाललं होतं. रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी, वर्तमानपत्राखाली. संपवलेल्या बरणीच्या जागी दुसऱ्या दिवशी तशीच नवी बरणी, तीही थोडी कमी करून ठेवलेली. (हे 'थोडी कमी करून' महत्त्वाचं. काठोकाठ भरलेली बरणी दिसली की प्रश्न येतात.) मी पेशाने ऑडिटर आहे. दुसऱ्यांच्या कागदांमधली लपवाछपवी शोधण्याचे मला पैसे मिळतात, त्यामुळे माणसं लपवताना कुठे सापडतात ते मला पक्कं ठाऊक होतं.

हे लिहायला बसलो त्याचं एक कारण म्हणजे रात्री चोरून, थांबता न येता असं खात सुटण्यावर पुरुष बोलत नाहीत. खाण्याचे आजार म्हणजे कोवळ्या वयातल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलींचे आजार, हे चित्र आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की चाळिशीतला, पोट सुटलेला, चारचौघांत मिटक्या मारत जेवणारा माणूस त्यात कुठे दिसतच नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी बिंज ईटिंगचा, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्याचा आजार झालेल्या स्त्रिया ३.५ टक्के निघाल्या आणि पुरुष २ टक्के. म्हणजे आम्ही काही अपवाद नाही, फक्त गप्प आहोत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं मला. 'आधार घ्या' असं सगळे सांगतात. आधार म्हणजे कोणी, कधी, नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. आणि भलत्या प्रकारचा आधार हा आधार नसण्यापेक्षाही जड जातो, हे मी अनुभवलंय.

आधी आजाराबद्दल थोडं. एखाद्या समारंभात चापून जेवणं म्हणजे बिंज नव्हे. बिंजमध्ये थोड्या वेळात, साधारण दोन तासांत, बहुतेक माणसं खातील त्याहून स्पष्टपणे जास्त खाल्लं जातं, आणि मुख्य म्हणजे थांबणं आपल्या हातात आहे असं वाटत नाही. भराभर खाणं, भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे त्याचे सोबती. असं आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत राहिलं, त्याचा मनाला त्रास होत असला आणि त्यानंतर उलट्या काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं असे नेहमीचे प्रकार नसले, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचा डीएसएम हा मानसिक आजारांच्या निदानाचा ग्रंथ, त्याच्या पाचव्या, २०१३च्या आवृत्तीत या आजाराला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या आवृत्तीत तो परिशिष्टात होता, 'यावर अजून अभ्यास हवा' अशा यादीत. मी तरुण होतो तेव्हा मला जे होत होतं त्याला कोणी आजार म्हटलं नाही, त्याचं थोडं श्रेय या परिशिष्टालाही द्यायला हवं.

व्याख्येत एक गोष्ट येत नाही. बिंज चालू असताना चव लागत नाही. लोक म्हणतात, "खाण्यावर फारच प्रेम दिसतंय." अहो, कसलं प्रेम! फ्रिजच्या उजेडात, उभ्याउभ्या, थंडगार डबा हातात धरून मी जे गिळायचो त्याला खाणं म्हणणं हा खाण्याचा अपमान आहे. डोक्यातला आवाज थोडा वेळ बंद पडायचा, एवढीच त्यातली कमाई. ऑफिस, वडिलांचं आजारपण, कर्जाचे हप्ते, सगळं काही मिनिटांपुरतं पुसलं जायचं. मग ते सगळं परत यायचं आणि वर ही नवी लाज.

मग सकाळी मी शहाणा व्हायचो. नाश्ता नाही. दुपारी अगदी नावाला काहीतरी. माझ्याकडे एक्सेलची एक शीट होती. तिच्यात कॅलरींचे रकाने, आठवड्याची बेरीज, उद्दिष्टापेक्षा जास्त झालं की आपोआप लाल होणारा चौकोन. संध्याकाळपर्यंत सगळे चौकोन हिरवे असायचे. मला त्या हिरव्या चौकोनांचा केवढा अभिमान! रात्र ही माझ्या दुबळेपणाची वेळ आणि दिवस माझ्या खऱ्या स्वभावाची, असं मी मानत होतो.

हा समज मोडला तो एका जुन्या प्रयोगाने. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांवर तो सुरू केला. युद्धात हत्यार उचलायला नकार दिलेली ही माणसं. उपासमारीतून लोकांना परत कसं खाऊ घालावं हे समजावं म्हणून त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांची मनं तपासून निवड झालेली, खाण्याची कसलीही तक्रार आधी नव्हती. तरी थोड्याच आठवड्यांत त्यांचं बोलणं, विचार, स्वप्नं सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. कोणी पाककृतींची पुस्तकं वाचत बसे, कोणी ताटातला घास तासभर पुरवी. आणि पुन्हा पोटभर खायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांच्यातले काही जण प्रचंड खाऊनही समाधान होत नाही म्हणायचे. मला वाचताना घाम फुटला. ती माणसं दुबळी नव्हती. युद्धाच्या काळात सगळ्या समाजाचा रोष पत्करून बसलेली माणसं होती ती. त्यांच्या निश्चयापुढे माझी एक्सेल शीट म्हणजे काहीच नाही.

म्हणजे माझी रात्र सकाळीच सुरू होत होती. अर्थात सगळ्यांचं असंच असतं असं नाही. काहींच्या बाबतीत आधी बिंज येतं, डाएट नंतर. एकटेपणा, नैराश्य, लहानपणापासून शरीरावरून ऐकलेले टोमणे, याही वाटा असतात, आणि माझ्याही पोतडीत त्यातलं बरंच होतं. पण हिरवे चौकोन आणि रात्रीचा फ्रिज हे एकमेकांचे शत्रू नसून भागीदार आहेत, हे मला कोणी वीस वर्षं आधी सांगायला हवं होतं.

कोणी सांगितलं नाही, कारण ज्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो त्या डॉक्टरांनी वजन बघितलं, भुवया उंचावल्या आणि छापील डाएटचा कागद हातात दिला. रात्री काय होतं ते मी अर्ध्या वाक्यात सांगायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "मनावर जरा ताबा ठेवा." त्या संध्याकाळी काय झालं असेल हे वाचणाऱ्यांतल्या माझ्यासारख्यांना सांगायची गरज नाही.

नंतर भेटल्या त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. खाण्याच्या आजारांवर काम केलंय का, असं विचारून शोधलेल्या. (हा प्रश्न विचाराच. समुपदेशन करणारा प्रत्येकजण हे काम शिकलेला नसतो आणि नम्रपणे विचारलं तर कोणी रागावत नाही.) त्यांनी मला वजन विचारलं नाही. "काल सकाळी उठल्यापासूनचं सांगा," म्हणाल्या. मी रात्रीपासून सुरुवात केली, तर मला थांबवून पुन्हा सकाळीच नेलं.

उपचार होते सीबीटीचे, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आधी बुलिमियासाठी (भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे काढण्याच्या आजारासाठी) बांधलेल्या पद्धतीवर बेतलेले. पहिलं काम नोंदवही. ऑडिटर असल्याने मी खूश झालो, पण ते फार टिकलं नाही, कारण वहीत कॅलरी लिहायच्या नव्हत्या. किती वाजले, कुठे, काय खाल्लं, ते बिंज वाटलं का, आणि त्याआधी काय घडलं होतं, बस. आणि लिहायचं त्याच वेळी, रात्री बसून दिवसभराचं नाही. मी म्हटलं, आकड्यांशिवाय ही कसली नोंद? त्या म्हणाल्या, "तुमचे आकडे वीस वर्षं चोख आहेत. त्यांनी काय सांगितलं तुम्हाला?"

दुसरं काम त्याहून अवघड. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. भूक लागो न लागो. आणि आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे शेवटचं कलम वाचायला फार साधं वाटतं. बिंजनंतरच्या सकाळी, पोट अजून जड असताना, स्वतःचा राग राग येत असताना, ताट समोर ओढून नाश्ता करणं मला जितकं जड गेलं तितकं या सगळ्यात दुसरं काही गेलं नाही. मला ते बक्षीस वाटायचं. गुन्हा केला आणि वर खायला मिळतंय! उपाशी राहून भरपाई करणं थांबवणं हाच उपचार आहे, हे डोक्याला कळलं होतं, हाताला कळायला वेळ लागला.

इथे बायकोचा आधार सुरू होतो. कुलपाला नाही म्हणालेली ही बाई रोज सकाळी माझ्यासोबत नाश्त्याला बसायला लागली. तिला स्वतःला सकाळी काही खायची सवय नव्हती. माझ्या ताटात ती बघायची नाही, "झालं का?" विचारायची नाही. तिच्या ऑफिसातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची. कधी कधी मी सगळ्या नाश्त्यात एक शब्द बोलत नसे. तरी ती बसायची.

हे आपोआप नाही जमलं. सुरुवातीला ती प्रेमाने रोज विचारायची, "काल रात्री काही झालं नाही ना?" माझ्या छातीत धस्स व्हायचं. 'नाही' म्हटलं की खोटं, 'हो' म्हटलं की तिचा उतरलेला चेहरा. दोन्हींचा शेवट रात्री फ्रिजपाशी. मग सायकॉलॉजिस्टनी तिलाही एकदा बोलावलं आणि आम्ही समोरासमोर ठरवलं, काय विचारायचं नाही ते. रात्रीबद्दल विचारायचं नाही. 'बारीक दिसतोयस' म्हणायचं नाही, कौतुक म्हणून तर मुळीच नाही. ताटाकडे बघून 'पुरे' नाही आणि 'अजून घे' नाही. आणि काय विचारायचं, तेही ठरलं: "आज माझी काही मदत हवीय का?" उत्तर 'नको' असेल तर तिथे विषय संपला. तिने एक अट तिच्याकडूनही घातली, आणि ती रास्त होती. मला बिंज झालं तर ते तिच्यामुळे झालं का, हे कोडं मी तिला सोडवायला लावायचं नाही.

रात्रीसाठी ताई. माझी थोरली बहीण दुसऱ्या गावी असते आणि तिला उशिरापर्यंत झोप येत नाही. खाण्याची अनावर ऊर्मी आली की ती वाढत वाढत जाते, पण काहीही खाल्लं नाही तरी काही वेळाने त्या ऊर्मीचा जोर ओसरतो, हे मला समजावलेलं होतं. मधला वेळ कसा काढायचा हा प्रश्न. ताईला मी फोनवर फक्त 'कोडं' म्हणायचो. मग ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पुढे घ्यायची. "आडवा, चार अक्षरी, शेवटचं अक्षर 'र'." माझं खाणं, माझं मन, यावर एक अक्षर नाही. मला सल्ला देऊ नकोस, असं मी तिला आधीच बजावलं होतं, आणि आयुष्यभर मला सल्ले देत आलेल्या माणसाने हे पाळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. दर वेळी ऊर्मी ओसरायचीच असं नाही. काही वेळा फोन ठेवून मी थेट फ्रिज गाठला आहे.

आधारगटाला जायला मी सगळ्यात जास्त वेळ लावला. आधी काही दिवस ओव्हरईटर्स अनॉनिमसच्या सभा ऑनलाइन ऐकल्या. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली, दारू सोडणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांवर उभी असलेली ही चळवळ. तिथल्या माणसांचा जिव्हाळा खरा होता आणि तिच्यामुळे सावरलेले लोक मी ऐकले आहेत. मला ती मानवली नाही. तिथे बरेच जण काही पदार्थ कायमचे वर्ज्य करतात, आणि माझ्या डोक्याला 'कायमचं वर्ज्य' म्हटलं की त्याचाच ध्यास लागतो. माझ्या उपचारांची दिशा नेमकी उलटी होती. घाबरायला लावणारे पदार्थ हळूहळू, ठरवून, दिवसाउजेडी ताटात परत आणायचे. दोन्ही वाटांवर एकाच वेळी चालता येईना.

नंतर मिळाला एक छोटा ऑनलाइन गट, एक प्रशिक्षित समुपदेशक चालवणारा. त्याचे नियम मला आवडले: वजनाचे आकडे नाहीत, कॅलरी नाहीत, काय खाल्लं याचं वर्णन नाही, न विचारता सल्ला नाही. कॅमेरा बंद ठेवला तर चालेल. मी कित्येक बैठका कॅमेरा बंद ठेवून, तोंड न उघडता ऐकल्या. एकदा एका निवृत्त शिक्षिकेने सांगितलं की त्या रिकामी पाकिटं पर्समध्ये घालून दुसऱ्या गल्लीतल्या कचरापेटीत टाकून येत असत. मी खो खो हसलो. एकटाच, बंद कॅमेऱ्यामागे. मग माइक चालू केला आणि वर्तमानपत्राखालच्या माझ्या पाकिटांबद्दल सांगितलं, बरणी थोडी कमी करून ठेवण्याबद्दलही. सगळा गट हसला. इतकी वर्षं जे कोणाला कळलं तर मी मरेन असं वाटत होतं, त्यावर लोक हसत होते आणि मलाही हसू येत होतं. बायको, ताई, सायकॉलॉजिस्ट, कोणीच मला हे देऊ शकलं नसतं. त्यांनी समजून घेतलं होतं. या लोकांना ते आधीपासून माहीत होतं.

वजनाचं काय, हा प्रश्न येणारच. फारसं कमी झालं नाही. मला सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं आणि मी ते मनातून मानलं नव्हतं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या, डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना काढणाऱ्या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे: बिंज ईटिंगच्या मानसोपचारांचा वजनावर होणारा परिणाम मर्यादित असतो आणि वजन घटवणं हे या उपचारांचं लक्ष्य नाही, असं रुग्णाला समजावून सांगा. त्याच सूचनांनुसार मोठ्या माणसांसाठी पहिली पायरी असते कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली स्वमदत, आणि ते पुरेसं ठरलं नाही तर गटातली सीबीटी. औषधंही आहेत. अमेरिकेत २०१५ साली लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन या औषधाला मध्यम ते तीव्र आजारासाठी मान्यता मिळाली, पण ते वजन घटवायचं औषध नाही, त्याची सवय लागू शकते आणि तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. माझ्यावर ती वेळ आली नाही. वजनाच्या बाबतीत मी अजून पूर्ण शांत झालेलो नाही. एक्सेल शीट डिलीट केली तेव्हा तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली होती. ती पुसायला पुढे बरेच महिने गेले.

बिंज पूर्ण थांबलं का? ते खूप विरळ झालंय. मार्चअखेरीच्या कामाच्या रगाड्यात जेवणं पुढे ढकलली गेली की अजून कधीतरी गाठतं. फरक दुसऱ्या सकाळी दिसतो. मी नाश्ता करतो आणि वहीत वेळ लिहितो. फडताळ अर्थात उघडंच असतं आणि त्यातल्या बरण्या संपतात तेव्हा सरळ संपलेल्या दिसतात.

वाचणाऱ्यांपैकी कोणी उलट्या काढत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, मधुमेहाच्या औषधांवर असेल, किंवा जगणं नको असं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर माझ्यासारखी ताईच्या कोड्यांपासून सुरुवात करू नका; आधी डॉक्टर गाठा, आजच. बाकीच्यांना पहिला फोन जड जातो, हे मला माहीत आहे. मी नंबर लावून कितीदा तरी कट केला होता. शेवटी वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. जसंच्या तसं देतो, हवं तर वापरा: "मला वजनासाठी नाही, खाण्यावरचा ताबा सुटतो त्यासाठी भेटायचंय. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. डाएटचा कागद कृपया देऊ नका." पलीकडच्या बाईंनी विचारलं, "गुरुवारी साडेचार चालेल का?"